ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्यें काय घालावें?

भर वैशाखांत नांगरट चालूं असतां रेडिएटरच्या टोपणांतून वाफ निघूं लागली, म्हणजे जवळच्या विहिरीचें बादलीभर पाणी आणून ओतणें हा आपल्याकडील सर्वसाधारण उपाय होय. त्यानें तो दिवस निभावतो, परंतु इंजिनाचें आयुष्य घटतें. वाशीमपासून मानोऱ्यापर्यंत आपल्या साही तालुक्यांत ट्रॅक्टर ही आतां नवलाची वस्तु राहिलेली नाहीं. मात्र त्याच्या पोटांत कोणता द्रव असावा याचा विचार थोडेच शेतकरी करितात.

आपली भूमि काळ्या पत्थराची. त्यांतून झिरपून येणारें पाणी चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार बरोबर घेऊन येतें. स्नानाचें पाणी तापविण्याच्या बंबास आंतून जो पांढरा थर बसतो, तोच थर इंजिनांत सिलिंडरच्या भोंवतीं बसतो व उष्णता बाहेर जाऊं देत नाहीं. पाणी वाफ होऊन उडून जातें, क्षार मागें राहतात. आणि प्रत्येक नव्या बादलीबरोबर त्यांत भर पडते. पावसाचें अथवा बॅटरींत घालावयाचें शुद्ध पाणी वापरल्यास हा थर बसत नाहीं, पण गंज टळत नाहीं. शिवाय डिझेल इंजिनाचे लायनर चालतांना थरथरतात, त्यामुळें त्यांच्या बाहेरील बाजूस सूक्ष्म बुडबुडे उठून फुटतात व लोखंड टोंचल्यासारखें खड्डे पडतात. खड्डा आरपार गेला कीं पाणी तेलांत उतरतें. मग खर्च किती येतो, हें ज्यास भोगावें लागलें त्यासच विचारावें!

यास्तव शुद्ध पाण्यांत ग्लायकॉल व गंजरोधक द्रव्यें मिसळलेला द्रव, ज्यास बाजारांत कूलंट म्हणतात, तो वापरावा असें आमचें मत आहे. कित्येक वाचक विचारतील, आमच्याकडे पाणी कधीं गोठत नाहीं, मग न गोठण्याचें औषध कशाला? शंका रास्त आहे. परंतु आपणांस त्याचा उपयोग थंडीसाठीं नसून उन्हाळ्यासाठीं व गंजासाठीं आहे. वाशीम समुद्रसपाटीपासून सुमारें साडेपांचशें मीटर उंच असल्यानें येथें उघडें पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतें. निम्में पाणी व निम्में ग्लायकॉल असें मिश्रण समुद्रसपाटीवर सुमारें १०७ अंशांवर उकळतें. त्यावर टोपणानें दर चौरस इंचास १५ पौंड दाब धरला, तर ही मर्यादा आणखी २० अंशांहून अधिक वर जाते. म्हणून टोपणाचें रबर झिजलें असल्यास उत्तम कूलंटही उकळून बाहेर पडेल.

मात्र औषध चांगलें म्हणून निव्वळ तेंच भरणें चूक होय. उष्णता वाहून नेण्यांत पाण्याची शक्ति १०० धरली, तर तितक्याच वजनाच्या ग्लायकॉलची ६० च्या आसपास भरते. विमानविद्येंत हा धडा पूर्वींच मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीं स्पिटफायर विमानांतील मर्लिन इंजिन निव्वळ ग्लायकॉलवर चाले. पुढें ७० भाग पाणी व ३० भाग ग्लायकॉल हें मिश्रण आलें. आजच्या हलक्या विमानांतील रोटॅक्स ९१२ इंजिनासही निम्म्यानिम्म्या मिश्रणाची मुभा आहे. ट्रॅक्टरसाठीं कारखानदाराच्या पुस्तकांत दिलेलें प्रमाण तेंच खरें.

खरेदींत रंगावर जाऊं नये. हिरवा, लाल, निळा हे रंग नुसते घातलेले असतात. आंतील गंजरोधक कोणत्या जातीचा, हें डब्यावर वाचावें. दोन जाती एकत्र केल्यास गुण जातो, कधीं चिकट गाळही धरतो. फॉस्फेट असलेला कूलंट विहिरीच्या पाण्यांत मिसळल्यास चुन्याशीं जुळून उलट थरच करितो. तेव्हां मिश्रणास शुद्ध पाणीच हवें. तयार मिश्रणाच्या डब्यांत पुन्हां पाणी घालूं नये. जुन्या पद्धतीचा कूलंट साधारण दोन वर्षांनीं बदलावा, कारण ग्लायकॉल टिकला तरी गंजरोधक संपतो. उघड्या टाकीच्या जुन्या पंप-इंजिनांत मात्र हा खर्च व्यर्थ. तेथें पावसाचें पाणी सांठवून वापरावें.

इंजिन तापलें कीं दोष कूलंटचाच, असेंही नव्हे. सोयाबीनच्या मळणीनंतर रेडिएटरच्या जाळींत भूस किती अडकलें आहे, तें प्रथम पाहावें. पंख्याचा ढिला पट्टाही हेंच करितो.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सामान्य कूलंटमधील एथिलीन ग्लायकॉल चवीस गोड व अत्यंत विषारी आहे. तें पोटांत गेल्यास मूत्रपिंडें निकामी होतात व माणूस वा जनावर दगावतें. अंगणांत सोडलेला कूलंट कुत्रें चाटतें, तहानलेलें वासरू पितें, मूलही तोंड लावतें. म्हणून तो पसरट भांड्यांत काढून झांकणाच्या डब्यांत भरावा, पेयाच्या बाटलींत कदापि नाहीं; नाल्यांत वा विहिरीजवळ ओतूं नये. कोणाच्या पोटांत गेल्याचा संशय आला, तर लक्षणांची वाट न पाहतां माणसास रुग्णालयांत न्यावें व जनावरास पशुवैद्य दाखवावा. आरंभीं उपाय चालतो. टोपण तर इंजिन पूर्ण निवाल्यावांचून उघडूंच नये.