कॅमेऱ्याच्या बॅटरीची निगा

गेल्या जून महिन्यांतील गोष्ट. सारसगणनेच्या दिवशीं आमच्या शाळेंतील निसर्गमंडळाचीं मुलें उजाडण्यापूर्वींच तळ्याच्या पाळीवर जाऊन बसलीं होतीं. महाराष्ट्रांत सारस पक्ष्याचें जें ठाणें अद्याप उरलें आहे, तें मुख्यत्वें आपल्या गोंदिया जिल्ह्यांतच होय. तेव्हां मुलांचा उत्साह किती होता, हें सांगावयास नको. थोड्या वेळानें एक जोडी समोरच्या बांधींत उतरली. कॅमेरा रोखला गेला, आणि त्याच क्षणीं त्याचा पडदा काळा झाला. दुसरी बॅटरी घालावी म्हणून खालचें झांकण उघडलें, तों आंतली बॅटरी फुगून खोबणींत घट्ट रुतलेली! चाकूच्या टोंकानें ती उचकटून काढण्याचा मोह एका मुलास झाला; तो आम्हीं वेळींच आवरला.

या प्रकारांत दोष दुसऱ्या कोणाचा नसून आमचाच होता. वार्षिक परीक्षा संपल्यावर ती बॅटरी आम्हीं मोठ्या दक्षतेनें पूर्ण भरून कॅमेऱ्यांत घातली, आणि अख्खा मे महिना ती पत्र्याच्या छपराखालील कपाटांत पडून राहिली. आम्हांस वाटलें, भरलेली वस्तु सुरक्षित. येथेंच आम्ही चुकलों.

या बॅटरीस लिथियम-आयन बॅटरी म्हणतात. सोनी या जपानी कंपनीनें ती १९९१ सालीं प्रथम बाजारांत आणली, व तिच्या विकासाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघां शास्त्रज्ञांस २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तिच्या पोटांत एका बाजूस ग्राफाइटचा थर, दुसऱ्या बाजूस कोबाल्टसारख्या धातूच्या ऑक्साइडचा थर, आणि दोहोंमध्यें कागदाहूनहि पातळ असा प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा असतो. चार्ज करतांना लिथियमचे आयन ऑक्साइडांतून निघून ग्राफाइटांत शिरतात. वापरतांना तेच परत फिरतात. हे थर ज्या द्रवांत भिजलेले असतात तो पाण्यासारखा निरुपद्रवी नसून रॉकेलाप्रमाणें पेट घेणारा असतो. पडदा फाटला कीं दोन्ही थर भिडतात, उष्णता उत्पन्न होते, आणि ती उष्णता आणखी उष्णतेस जन्म देते. चाकू आवरण्याचें कारण हेंच.

एवढ्याशा डबीचें तें काय भय, असें कोणी म्हणेल. गणितच करून पाहूं. ७.२ व्होल्ट व २००० मिलिअँपियर-तास असें जिच्यावर छापलेलें आहे, तिच्यांत १४.४ वॉट-तास, म्हणजे सुमारें ५२,००० ज्यूल ऊर्जा सांठलेली असते. एवढ्या ऊर्जेनें ५० किलो धानाचें पोतें शंभर मीटरांहून अधिक उंच चढवितां येईल. आपल्याकडील राइस मिलमध्यें पोतीं वाहणाऱ्या हमालास हें सांगितल्यास त्यास तें खरें वाटणार नाहीं.

उष्णता व पूर्ण भरलेली स्थिति हीं दोन्ही एकत्र आलीं म्हणजे आंतील द्रवाचें विघटन त्वरेनें होऊं लागतें, वायु निर्माण होतो व बॅटरी फुगते. गोंदियाचा मे महिना ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याखालीं अगर उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत तो आंकडा याहून पुष्कळ वाढतो. म्हणून सुटीपूर्वीं बॅटरी अर्धीच भरावी, कॅमेऱ्यांतून काढावी, तिचें प्लॅस्टिकचें झांकण लावावें व घरांतील सर्वांत थंड, कोरड्या खोलींत ठेवावी. दोन-तीन महिन्यांनीं एकदां पाहून थोडी भर घालावी.

पुष्कळ पालक अजूनहि मुलांस सांगतात कीं, बॅटरी पूर्ण संपल्याखेरीज चार्ज करूं नये. ही सूचना जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळांतील आहे. लिथियमच्या बॅटरीस ती घातकच होय. ती अगदीं कोरडी होऊन तशीच पडून राहिली, तर आंतील तांब्याची पत्री विरघळूं लागते, आणि पुन्हां भरतांना तेंच तांबें नको तेथें सांचून आंतल्या आंत दोन्ही टोंकें जोडतें. अशी मृत बॅटरी दुसऱ्या यंत्रानें झटका देऊन जिवंत करून देणारे लोक भेटतात. त्यांच्या हातीं ती देऊं नये.

चार्जर कॅमेऱ्यासोबत आलेलाच असावा. प्रत्येक घटाचा दाब ४.२ व्होल्टांवर पोंचला कीं तो दाब तेथेंच धरून प्रवाह हळूहळू कमी करावा लागतो. चांगला चार्जर हें काम स्वतः करतो, स्वस्त नकली चार्जरवर मात्र भिस्त ठेवतां येत नाहीं. उन्हांतून आणलेली बॅटरी तापलेली असतांना लगेच लावूं नये. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तकांत ४० अंशांची मर्यादा घातलेली असते. आपल्याकडे उन्हाळ्यांत पहांटेची वेळ बरी. चार्जर गादीवर, उशीखालीं किंवा वह्यांच्या ढिगावर ठेवूं नये, फरशीवर ठेवावा. घरचीं माणसें जागीं असतांनाच तो लावावा, आणि बॅटरी भरतांच काढून ठेवावी. नाताळच्या आदल्या रात्रीं सारें घर मंदिरांत असतें आणि इकडे चार्जर चालूच राहतो. हें आम्हीं एकाहून अधिक घरीं पाहिलें आहे.

खिशांत किल्ल्या व नाणीं यांच्यासोबत सुटी बॅटरी टाकूं नये. विमानानें जातांना जादा बॅटऱ्या हातांतील पिशवींतच न्याव्या लागतात. सामानाच्या पेटींत त्या चालत नाहींत.

बॅटरींतून धूर निघूं लागल्यास प्रथम मुलांस बाहेर काढावें, कारण तो धूर विषारी असतो. जवळ न जातां मुख्य बटण बंद करतां आलें तर करावें. वीज तुटल्यावर भरपूर पाणी ओतणें योग्यच. पाण्यानें बॅटरी थंड होते. आग पसरूं लागली तर क्षणहि न दवडतां १०१ क्रमांकास बोलवावें.

आमची फुगलेली बॅटरी अखेर दुरुस्ती करणाऱ्या जाणत्या माणसानें कॅमेरा खोलून बाहेर काढली. ती केरांत टाकणें योग्य नव्हतें. २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणें जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी निर्मात्यांवर आहे. तिच्या टोंकांवर चिकटपट्टी लावून ती आम्हीं वाळूनें भरलेल्या डब्यांत, प्रयोगशाळेबाहेरील व्हरांड्यांत ठेवली आहे, व संकलन केंद्राकडे पाठविण्याची व्यवस्था चालू आहे. ज्यांच्या घरीं अशा बॅटऱ्या असतील त्यांनीं त्या आणून द्याव्या; मात्र मुलांच्या दप्तरांतून पाठवूं नयेत.