नक्की ना, ताई?

अगं, काल फोनवर तू जे बोललीस, ते बोलायला छाती लागते. भाजी चिरताना छोटी रांगत जवळ आली आणि 'माझ्याच हातून हिला काही झालं तर?' हा विचार तुझ्या डोक्यात घुसला. तेव्हापासून विळी माळ्यावर, सुऱ्या कुलपात आणि छोटीची आंघोळ सासूबाईंकडे. दुधाच्या पिशव्या साबणानं धुणं, बोटांना भेगा पडेपर्यंत हात धुणं, हे तर त्याच्याही आधीपासून चालू. घरच्यांना वाटतं, सूनबाई भारी टापटिपीची. तुला वाटतं, आपण आई नाही, राक्षसीण आहोत. दोन्ही चूक. याला ओसीडी म्हणतात, मराठीत मंत्रचळ. डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचा आजार आहे हा आणि त्यावर उपचारही आहेत.

आधी त्या विचाराचं बघू. असले विचार कुणाला येत नाहीत? गॅलरीतून खाली बघताना 'उडी मारली तर?' असं वाटून जातं. देवापुढे हात जोडावेत आणि नेमकी शिवी आठवावी, असंही होतं. १९७८ साली रॅकमन आणि डी सिल्वा या संशोधकांनी काहीही आजार नसलेल्या लोकांना हेच विचारलं, तर बहुतेकांनी 'हो, येतात' म्हणून सांगितलं. त्यांच्या डोक्यात तो विचार येतो आणि विरून जातो. तू मात्र तो आला म्हणून स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतेस. तुझा जीव लेकीत अडकलाय म्हणूनच या आजारानं नेमकी तीच जागा धरलीय. देवभोळ्या माणसाला तो देवाबद्दलच छळतो, हिशेबी माणसाला कुलूप आणि गॅसवरून.

एक मात्र नीट लक्षात ठेव. बाळंतपणानंतर कधीकधी वेगळाच आणि तातडीचा आजार होतो. त्यात कानात आवाज येतात, झोप पार उडते, भलतंसलतं खरं वाटू लागतं आणि बाळाला इजा करणंच बरोबर आहे, असंही पटू शकतं. तिथे एक दिवसही थांबायचं नसतं. तुझं तसं दिसत नाही. तुला तर त्या विचाराची किळस येते. तरीही निदान डॉक्टरांना करू दे, मला नको.

'मलाच का?' म्हणालीस. एका शब्दात उत्तर नाही. जवळच्या नात्यात कुणाला ओसीडी असेल तर धोका वाढतो. बऱ्याचदा सुरुवात पौगंडात किंवा विशी-पंचविशीत होते आणि बाळंतपण, जागरणं, ताण यांनी तो उफाळतो. मेंदूच्या पुढच्या भागाला आतल्या केंद्रांशी जोडणारी एक साखळी आहे. 'काहीतरी चुकलंय' हा इशारा उठवणं आणि मग तो थांबवणं यात तिचा हात असतो. ओसीडीत तो इशारा थांबता थांबत नाही. म्हणून डोळ्यांना गॅस बंद दिसतो, पण मनाला पटत नाही. यात आईच्या वळणाचा दोष नाही, मागच्या जन्मीचं पाप नाही की तुझं मन कमकुवत नाही.

आता आपल्या दोघींमधलं बोलते. तू दिवसातून कितीदा तरी मला विचारतेस, 'ताई, मी काही करणार नाही ना? नक्की ना?' मी 'नाही गं' म्हटलं की तुला हायसं वाटतं. पण किती वेळ? नायट्यासारखं आहे हे: खाजवलं की बरं वाटतं आणि तो पसरतो. हात धुणं, विळी लपवणं आणि मला विचारणं, तिन्ही खाजवणंच. दर वेळी मेंदू एवढंच शिकतो की धोका खराच होता, धुतलं म्हणून वाचलो. म्हणून उपचार सुरू झाले की मी ते उत्तर हळूहळू बंद करणार आहे. एकदम नाही, तुझ्या थेरपिस्टशी ठरवून. तेव्हा मी म्हणेन, 'हे आजार विचारतोय, मी उत्तर देत नाही; चल, बाकीचं बोलू.' रागावू नकोस. निखिललाही हे सांग. तो बिचारा तुझ्यासाठी तीन-तीनदा कुलूप ओढून बघतो, बाहेरून आला की दारातच कपडे बदलतो. मायेनंच करतो, पण त्यानं आजाराचंच फावतं.

उपचार दोन. पहिला ईआरपी. १९६६ साली व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञानं याचा पाया घातला. भीती वाटते तिथेच पायरीपायरीनं जायचं आणि नेहमीचा तोडगा करायचा नाही. तू आणि थेरपिस्ट मिळून भीतीची यादी कराल, कमी ते जास्त. आधी कदाचित दुधाची पिशवी न धुता फ्रिजमध्ये ठेवायची. मग विळी माळ्यावरून ओट्याखाली. पुढे कधीतरी छोटी स्वयंपाकघरात खेळत असताना तू काकडी चोचवशील. छाती धडधडेल, हात नळाकडे जातील. न धुता बसून राहिलीस की ती धडधड आपोआप उतरते, किंवा ती असतानाही काम करता येतं, हे कळतं. हे वाचून समजत नाही, करूनच अंगवळणी पडतं.

दुसरा गोळ्या. फ्लुऑक्सेटीन, सर्ट्रालीन, फ्लुवोक्सामीन या त्यातल्या नेहमीच्या. नैराश्याला लागतो त्यापेक्षा ओसीडीला बऱ्याचदा जास्त डोस लागतो आणि पुरता गुण यायला ८ ते १२ आठवडे जातात. सुरुवातीला मळमळ, अस्वस्थपणा, झोपेची गडबड होऊ शकते. दहा दिवसांत 'काही उपयोग नाही' म्हणून सोडू नकोस. या गोळ्यांची चटक लागत नाही, पण मनानं एकदम बंद केल्या तर त्रास होतो. बरं वाटल्यावरही डॉक्टर साधारण वर्षभर तरी चालू ठेवतात. छोटी अजून अंगावर पिते, हे पहिल्याच भेटीत सांग; त्याप्रमाणे औषध निवडता येतं. आणि थेरपी म्हणजे नुसत्या गप्पा, असं निखिल म्हणाला तर त्याला हे ऐकव: १९९२ साली अमेरिकेत बॅक्स्टर यांच्या गटानं काही रुग्णांना औषध दिलं, काहींना वर्तनोपचार. ज्यांना गुण आला, त्यांच्या मेंदूतल्या त्याच साखळीतल्या एका केंद्राची जास्तीची धावपळ दोन्ही गटांत कमी झालेली दिसली.

सासूबाईंना दृष्ट काढायचीय ना? काढू देत. मीठमोहऱ्यांशी माझं भांडण नाही. फक्त गोळीची वेळ चुकवायची नाही आणि अंगाऱ्यावर भिस्त ठेवायची नाही.

औषध मानसोपचारतज्ज्ञ देतात, थेरपी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. फोन करतानाच विचार, 'ओसीडीसाठी ईआरपी करता का?' नुसतं 'मन रमवा, योगा करा' म्हणणारा भेटला तर दुसरा शोध. कुठून सुरुवात करावी कळेना झालं, तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, दिवसरात्र आणि फुकट. आणि कधी 'आपण नसलेलंच बरं' असं मनात आलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. त्याच क्षणी निखिलला उठव, मला फोन कर, दवाखाना गाठ.

डॉक्टरांपुढे विळीचं सांगायला जीभ रेटणार नाही, मला माहितेय. 'हात जरा जास्त धुते' एवढंच सांगून परत येशील आणि अर्ध्या आजारावरच औषध मिळेल. म्हणून आजच कागदावर लिही: कोणते विचार येतात, त्यावर तू काय करतेस, दिवसाचा किती वेळ जातो. तोंडून फुटलं नाही तर कागद पुढे कर. असली वाक्यं ते रोज ऐकतात, कपाळाला आठी पडत नाही त्यांच्या. छोटीला मी सांभाळते, तू त्यांच्याकडे वेळ घे.