घोंगडी आणि वाळवण्याचे यंत्र

थंडी सरली की घरातली घोंगडी, कांबळी धुवायला निघतात. पूर्वी ती ओढ्यावर न्यायची, रिठ्याच्या पाण्यात धुवायची आणि खडकावर पसरायची, असा रिवाज होता. आता पुष्कळ घरांत कपडे धुण्याचे यंत्र आले आहे. त्याला ड्रायरही असतो. तेव्हा बायामाणसे आम्हाला विचारतात, "गुरुजी, घोंगडी ड्रायरात टाकली तर चालेल का?"

चालेल, पण कोणत्या ड्रायरात, ते आधी पाहा. ड्रायर हे नाव एक, वस्तू दोन. दोन डब्यांच्या यंत्रातला लहान डबा गरगर फिरतो आणि कपड्यातले पाणी बाहेर फेकतो. तो कपडा तापवीत नाही. दुसरा ड्रायर वेगळा. त्यात कपडे उलटेपालटे होतात आणि वरून गरम हवा लागते. लोकरीचा खरा वैरी हा दुसरा.

असे का? लोकर म्हणजे मेंढीचे केस. केस डोळ्यांना गुळगुळीत दिसतो, पण त्याच्यावर बारीक बारीक खवले असतात. छपरावर कौले एकावर एक बसवलेली असतात ना, तसे. लोकर ओली झाली, तिला ऊब लागली आणि वर घासाघीस झाली, की एका केसाचे खवले दुसऱ्यात अडकतात. एकदा अडकले की सुटत नाहीत. मग कापड आखडते, जाड आणि ताठ होते. बुरणूस करणारे हेच मुद्दाम करतात. ते लोकर विणीत नाहीत. ओली करून, दाबून, मळून तिचे कापड करतात. पण आपली चांगली विणलेली घोंगडी हातभर आखडून बसली, तर ती कोणी ताणून परत लांब करू शकत नाही. माण, सांगोला, जत या भागांत दख्खनी मेंढीच्या लोकरीची हातमागावरची घोंगडी मिळते. तिला किती मेहनत लागते, ते विणणाऱ्यालाच विचारा.

धुण्याच्या मोठ्या डब्यातही घासाघीस होते. म्हणून घोंगडी हातानेच धुवावी. पाणी गार किंवा किंचित कोमट घ्यावे. रिठा उत्तम. धुण्याचा सोडा नको. त्याने लोकर खराब होते. कपडे पांढरे करण्याचे ब्लीचिंगचे पाणी तर मुळीच नको. नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते. ती धुण्यात निघते आणि घोंगडी मऊ पडते. त्याला घाबरू नये.

आता पाणी काढायचे. पिळू नका. ओली लोकर सैल असते, पिळली की वेडीवाकडी ताणली जाते. घडी घालून हाताने दाबा, पाणी निथळू द्या. मग फिरत्या डब्यात घालायची असेल, तर डब्याच्या भिंतीला लागून सारखी गोल बसवा. एका बाजूला गोळा नको. वरची चकती बसवा, झाकण लावा आणि एक-दोन मिनिटेच फिरवा. डबा धाडधाड हादरू लागला तर लगेच बंद करा आणि घोंगडी पुन्हा नीट लावा. यंत्रावर किलो लिहिलेले असतात, ते कोरड्या कपड्यांचे. वाळवण्याच्या डब्याचा आकडा बहुधा वेगळा असतो, तो वाचा. ओली घोंगडी फार जड होते. मावत नसेल तर कोंबू नका. तिला बाजच बरी.

एक गोष्ट घरातल्या पोरासोरांनाही सांगून ठेवा. हा डबा मिनिटाला हजारावर फेरे घेतो. तो पुरता थांबल्याशिवाय आत हात घालू नये. कापड बोटांना गुंडाळले तर हात मोडतो. झाकण उघडले की डबा थांबावा अशी सोय असते. ती बिघडली असेल, तर दुरुस्त होईतो ड्रायर वापरू नका.

आता गरम हवेचा ड्रायर. इथे तुमचे वाचन कामी येते. विकतच्या ब्लँकेटच्या काठाला एक लहान पट्टी शिवलेली असते. तिच्यावर खुणा असतात. चौकोनात गोल असेल, तर ती गरम ड्रायरची खूण. गोलात एक टिंब म्हणजे कमी ऊब, दोन टिंबे म्हणजे नेहमीची. त्याच खुणेवर फुली असेल तर टाकू नका. चौकोनात आडवी रेघ म्हणजे सपाट पसरून वाळवा. लोकरीच्या पट्टीवर बहुधा फुलीच सापडेल. एक टिंब असेल तर कमी उबेवर थोडा वेळ ठेवा आणि जरा दमट असतानाच काढा. घोंगडीला पट्टीच नसते. तिला गरम हवा दाखवू नका.

ब्लँकेट लोकरीचे की बनावट धाग्याचे, हे कळत नसेल तर काठाचा एक धागा काढा. अंगणात, चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांनी चुरली, तर लोकर. धागा वितळून कडक मणी झाला, तर बनावट. तेल किंवा रॉकेल सांडलेले पांघरूण गरम ड्रायरात कधीच घालू नये, आग लागते. आतल्या जाळीवर साठलेला भुगाही दर खेपेला काढावा. तोही पेट घेतो.

विजेचे तर जपून. ओल्या हाताने बटण नको, अनवाणी ओल्या फरशीवर उभे राहून तर नकोच. यंत्राला तीन पायांची पिन आणि चालू अर्थिंग हवे. ते आहे का, हे वायरमनकडून पाहून घ्या. वीज गळताच बंद पाडणारे स्विच बसवले तर फार चांगले. आणि वाळत घालायला लोखंडी तार नको. ती पत्र्याला किंवा विजेच्या वायरीला टेकली की तिच्यात वीज उतरते, आणि ओले कापड टाकणारा माणूस जागीच जातो. पावसाळ्यात अशा बातम्या येतातच. सुंभाची किंवा नायलॉनची दोरी बांधा, तीही वायरीपासून लांब.

पाणी निघालेली घोंगडी बाजेवर सपाट पसरावी. खालून-वरून वारा लागतो आणि ती ओघळत नाही. बाज नसेल तर दोन दोऱ्या शेजारी शेजारी बांधून त्यांवर भार वाटून टाका. वाऱ्याची सावली चांगली. चुलीवर किंवा शेगडीवर धरून वाळवू नका. दमट हवेत दोन-तीन दिवसही लागतात, घाई नको. दिवसातून दोनदा उलटा. लोकर ओल आत धरून ठेवते आणि वरून कोरडी लागते, म्हणून काठ आणि दशा चिमटीत दाबून पाहा. गार लागल्या तर अजून ओल आहे. पुरती सुकली म्हणजे झटका आणि कडुनिंबाचा सुका पाला घालून ठेवा. दमट ठेवली तर कुबट वास धरते. आणि मळकीच ठेवली तर कसर लागते, मग पुढच्या थंडीला घोंगडी उघडावी तर तिला भोके.