शवपेटीवर पांढरे वस्त्र

प्रश्न : आम्ही मिनेसोटात राहतो. माझे सासरे लुथरन आहेत. ते आतापासूनच पास्टरांबरोबर स्वतःचा अंत्यविधी ठरवताहेत. बाप्तिस्म्याचा विश्वासही पुन्हा जाहीर करणार आहेत. मन धास्तावते.

उत्तर : धास्तावू नका. लुथरन श्रद्धेत मरण आणि बाप्तिस्मा एकाच धाग्यात ओवलेले आहेत. शवपेटीवर पांढरे वस्त्र घालतात ते बाप्तिस्म्याची आठवण म्हणूनच. जवळ पुनरुत्थानाची मेणबत्ती तेवते. बाप्तिस्मा मात्र एकदाच होतो, पुन्हा नाही. अमेरिकेतील इव्हँजेलिकल लुथरन चर्चच्या २००६ च्या उपासनाग्रंथात बाप्तिस्म्याच्या पुनःस्वीकृतीचा विधी आहे : मंडळीसमोर दुष्टाचा धिक्कार, मग प्रेषितांचा विश्वासांगीकार. गीते आणि शास्त्रपाठ कोणते हवेत, ते सासऱ्यांकडूनच लिहून घ्या. एक प्रत पास्टरांकडे ठेवा. आणि ज्या रविवारी सासरे आपला विश्वास पुन्हा जाहीर करतील, त्या रविवारी त्यांच्या शेजारी बसा.