आठ दिशांच्या दांड्यास चार दिशांची शिस्त

जपानमधील नामको कंपनीने १९८० साली ‘पॅक-मॅन’ हा खेळ काढला. त्यातील पिवळा गोळा चक्रव्यूहाच्या वाटांतून वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडेच जाऊ शकतो. म्हणून त्याच्या यंत्रास बसविलेला हातदांडा, म्हणजे जॉयस्टिक, चारच दिशांना कलत असे. पुढे असे खेळ घरच्या संगणकावर आले. तेथे पुष्कळदा आठ दिशांचा दांडा हाती येतो, आणि मग ऐन वळणावर गोळा सरळ निघून जाऊन भुताच्या तोंडी पडतो. खेळाडू स्वतःच्या हातास दोष देतो; परंतु दोष बहुधा हाताचा नसतो.

अशा दांड्याच्या बुडाशी सामान्यतः चार लहान स्विच असतात. दांडा कोपऱ्याकडे कलला की शेजारचे दोन स्विच एकदम दाबले जातात, व ह्या जोडीलाच तिरकी दिशा मानतात. चार दिशांच्या दांड्यात कोपऱ्याची वाट एक छिद्राची तबकडी अडविते. तबकडी बदलणे हा सरळ उपाय खरा. पण त्याच पेटीवर तिरक्या चालीचे खेळही खेळावयाचे असल्यास दर वेळी पेटी कोणी उघडावी?

हे काम आज्ञावलीकडे सोपविता येते. जुन्या खेळयंत्रांचे अनुकरण करणारी ‘मेम’ ही आज्ञावली १९९७ साली प्रथम उपलब्ध झाली. ती स्विचांची मागील स्थिती ध्यानात ठेवते. समजा, गोळा डावीकडे चालला आहे व त्यास वर वळवावयाचे आहे. दांडा फिरताना क्षणभर ‘डावा’ व ‘वर’ हे दोन्ही स्विच दाबलेले असतात. त्यांपैकी जो आधीपासून दाबलेला होता तो हिशेबातून वगळावयाचा. उरतो तो ‘वर’. गोळा तत्काळ वळतो.

येथे एक मेख आहे. पुढच्याच तपासणीत दोन्ही स्विच ‘आधीचे’ ठरतात, आणि तीच वजाबाकी पुन्हा केल्यास काहीच उरत नाही. म्हणून स्विचांची स्थिती बदलेल तेव्हाच निवाडा नव्याने करावयाचा. एरवी जुना निवाडा कायम. दांडा मध्यावरून थेट कोपऱ्यात गेला, तर दोन्ही स्विच सारखेच नवे असतात. तेव्हा मेम आडवी दिशा घेते. ह्यात न्याय असा काही नाही, पण काहीतरी ठरविणे भागच असते.

काही दांडे स्विचाऐवजी कलाचे प्रमाण कळवितात. त्यांसाठी मेम ९ गुणिले ९ अशा ८१ घरांचा पट कल्पिते. चार दिशांच्या खेळात त्याच्या तिरप्या रेषांवरील घरे ‘चिकट’ असतात: दांडा तेथे असेतो पूर्वीचीच दिशा चालू राहते. वरील रीतीच्या हे अगदी उलट दिसते. परंतु स्विच दाबला जाणे ही निश्चित घटना आहे. सीमारेषेवर धरलेला दांडा मात्र हाताच्या कंपाने सारखा थरथरतो, आणि चिकट घरे नसती तर गोळ्यास क्षणोक्षणी वेगळाच हुकूम मिळाला असता.