ग्रामीण वीजपुरवठा आणि उपकेंद्र

खेड्यात वीज आली असे आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर खांब, तारा आणि दिवा येतो. गावाबाहेर कुंपणाच्या आत, खडी पसरलेल्या आवारात उभे असलेले विद्युत उपकेंद्र मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. वास्तविक उन्हाळ्यात पंपाची मोटर टिकेल की जळेल, हे बऱ्याच अंशी तेथे ठरते. वाणिज्य शाखेच्या भाषेत बोलायचे तर उपकेंद्र म्हणजे विजेची घाऊक पेठ होय. फरक इतकाच की या पेठेत गोदाम नाही. आलेला माल त्याच क्षणी खपला पाहिजे.

वीज दुरून आणताना दाब वाढवतात, त्याचे कारण सोपे आहे. १००० के.व्ही.ए. भार ११ के.व्ही. दाबाने नेला तर तारेतून सुमारे ५२.५ अँपियर प्रवाह वाहतो, ३३ के.व्ही.ला तो सुमारे १७.५ होतो. तारेत उष्णतेच्या रूपाने जाणारी तूट प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे दाब तिप्पट केला की त्याच तारेतील तूट एकनवमांशावर येते. पण इतका दाब घरात आणता येत नाही. म्हणून उपकेंद्रातील मोठे रोहित्र ११० किंवा ३३ के.व्ही.चा दाब ११ के.व्ही.पर्यंत उतरवते. तेथून निरनिराळ्या गावांचे फीडर निघतात आणि गावातील टी.सी. तो दाब ४३३ व्होल्टवर आणते.

प्रत्येक फीडरला स्वतंत्र ब्रेकर असतो. एखाद्या तारेवर फांदी पडली, तर रिले तो बिघाड ओळखतो आणि तेवढाच फीडर बंद पडतो. बाकीच्या गावांत उजेड राहतो. वीज कडाडली तर तडित निरोधक तिचा आघात जमिनीत उतरवतो.

उपकेंद्राची जागाही महत्त्वाची आहे. समजा, एका लांब फीडरवर भार सारखा पसरला आहे. त्याला टोकाऐवजी मध्यभागी वीज दिली, तर लांबी निम्मी आणि प्रवाहही निम्मा असे दोन भाग होतात. प्रत्येकातील तूट मूळच्या एकअष्टमांश, म्हणजे दोन्ही मिळून एकचतुर्थांश. टोकाकडील दाबाची घटही तितकीच कमी होते. दाब घटला की भारावर चालणारी मोटर जास्त प्रवाह ओढते, तापते आणि जळते. तिच्या रिवाइंडिंगचा खर्च मंडळाच्या वहीत नसतो. तो शेतकऱ्याच्या वहीत असतो.

आता हिशेबाची बाजू. कर्नाटकात १९९९ साली जुन्या वीज मंडळाच्या जागी पारेषण निगम आले आणि २००२ साली बेळगाव भागाचे वितरण हुबळीच्या कंपनीकडे गेले. उपकेंद्रातील फीडर मीटर किती युनिट सोडले ते सांगतो, तर बिले किती विकले ते सांगतात. मधला फरक ती तूट. परंतु १० अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. जेथे पंपाला मीटर नाही, तेथे वापर कोणता, गळती कोणती आणि चोरी कोणती, हे कळणार कसे? निरंतर ज्योती योजनेत गावठाणाचे व पंपांचे फीडर वेगळे करण्याचे काम हाती घेतले गेले. त्यामुळे निदान ही दोन खाती तरी वेगळी मांडता येतात.

यासाठी उपकेंद्राला जागा देण्याचा प्रश्न ग्रामसभेपुढे आला, की केवळ जमिनीची किंमत पाहू नये. दरवर्षी जळणाऱ्या मोटरी आणि सुकणारी पिकेही त्याच ताळेबंदात मांडावीत. ते काम गावातील शिकलेल्या मुलांनी करायचे आहे.