मेक म्हणण्याआधी

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटची. घरी मराठीच बोलतो, पण लिहायची वेळ आली की हात थरथरतो. या लेखातलं ऱ्हस्व-दीर्घ आईने फोनवर ऐकून सुधारलं आहे. कम्पायलरला 'संकलक' म्हणतात हे मला याच महिन्यात कळलं. तरी मी कम्पायलरच म्हणणार. आणि मराठी विभागात रोमन अक्षर नको असा नियम असल्याने कमांडसुद्धा देवनागरीत दिल्या आहेत. टाइप मात्र इंग्रजीत करा, नाहीतर रात्री माझ्या रूमचं दार वाजवाल.

तर झालं असं. आमचा मिनी प्रोजेक्ट म्हणजे मेसमध्ये रोज किती अन्न वाया जातं ते मोजायचं. उष्ट्याच्या बादलीखाली लोड सेल, त्याला जोडलेला अर्दुइनो, आणि पीसीवर वजनाचा ग्राफ. कोड माझ्या पार्टनरने तिच्या लॅपटॉपवर लिहिला. तिच्याकडे उबुंटू २४.०४, म्हणजे पायथन ३.१२. प्रोजेक्ट रूममधल्या पीसीवर उबुंटू २२.०४, म्हणजे पायथन ३.१०. शनिवारी दुपारी कोड त्या पीसीवर टाकला आणि सुरू होण्याआधीच सिंटॅक्स एरर! एफ-स्ट्रिंगच्या आत तेच अवतरणचिन्ह पुन्हा वापरायची सोय पायथन ३.१२ मध्ये, ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. ३.१० ला ते झेपत नाही. अशा चाळीसेक ओळी होत्या. शहाण्या मुलीने त्या बसून बदलल्या असत्या. मला हौस आली, की आपण पायथन ३.१२ सोर्सपासून बनवू.

डेमो सोमवारी होता. आणि तो पीसी आमच्या एकट्यांचा नव्हता. फायनल इयरच्या एका ग्रुपचं वर्षभराचं काम त्याच्यावर होतं आणि त्यांचा रिव्ह्यूसुद्धा सोमवारीच, आमच्याही आधी. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पायथन स्वतः बहुतांशी सी भाषेत लिहिलेलं आहे. सोर्सची फाईल जेमतेम वीस-पंचवीस एमबीची. ती उघडायची, फोल्डरमध्ये जायचं आणि तीन गोष्टी करायच्या: कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. कॉन्फिगर आपलं मशीन चाचपून बघतो, कम्पायलर आहे का, कुठल्या लायब्ररी आहेत, आणि त्यावरून मेकफाईल लिहितो. मेक ती वाचून एकेक फाईल कम्पाईल करतो. मेक इन्स्टॉल तयार माल जागेवर नेऊन ठेवतो.

हा मेक भलताच जुना आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिला. त्यांच्या एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ बग शोधण्यात गेली होती. बग आधीच दुरुस्त झालेला, फक्त ती फाईल परत कम्पाईल करायची राहिली होती! (आपल्यापैकी कोणाचं असं झालं नाही त्याने हात वर करावा.) मेकफाईलमध्ये कमांडच्या आधी स्पेस चालत नाही, टॅबच लागतो, हा छळही तेव्हाचाच. फेल्डमनना चूक लवकरच कळली होती. पण तोवर डझनभर लोक मेक वापरत होते, त्यांना त्रास नको म्हणून राहू दिलं. त्या डझनभरांसाठी आपण अजून टॅब दाबतोय. असो. २००३ मध्ये त्यांना मेकसाठी एसीएमचं सॉफ्टवेअर सिस्टिम अवॉर्ड मिळालं.

आता माझ्या चुका, क्रमाने.

मी थेट कॉन्फिगर मारलं. उत्तर आलं, सी कम्पायलरच सापडत नाही. हे सोपं होतं. 'सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल' केलं की जीसीसी, जी प्लस प्लस, मेक आणि सीच्या मूळ हेडर फाईल्स एकदम येतात. मग मेक छान चालला, स्क्रीनवर ओळी धावल्या, मला उगाच हॅकर झाल्यासारखं वाटलं. मेक इन्स्टॉल शेवटी आपटला: झेडलिब उपलब्ध नाही. ती आणली, पुन्हा सगळं केलं, या वेळी इन्स्टॉल झालं. पिपने पायसिरियल आणायला गेले तर एसएसएल मॉड्यूल नाही, म्हणून नेटवरून काही उतरवणार नाही. तेही आणलं, पुन्हा पहिल्यापासून. मग ग्राफची विंडो उघडेना, टीकेइंटर नाही. संध्याकाळचे साडेसहा.

गंमत म्हणजे या सगळ्या लायब्ररी मशीनवर होत्याच. मग नाही कसं म्हणतो? इथेच माझ्यासारखे सगळे अडकतात. तयार प्रोग्रॅम चालवायला लायब्ररीची फक्त बायनरी फाईल लागते. पण त्या लायब्ररीवर नवा प्रोग्रॅम कम्पाईल करायचा तर तिच्यात कोणती फंक्शन्स आहेत, कोणाला काय द्यायचं, हे सांगणारी हेडर फाईल लागते, डॉट एच वाली. उबुंटू आणि डेबियन ती वेगळ्या पॅकेजमध्ये देतात आणि त्याच्या नावाच्या शेवटी 'डेव्ह' असतं. झेडलिब-वन-जी-डेव्ह, लिब-एसएसएल-डेव्ह, लिब-एफएफआय-डेव्ह, लिब-एसक्यूलाइट-थ्री-डेव्ह, लिब-बीझेड-टू-डेव्ह, लिब-एलझेडएमए-डेव्ह, लिब-रीडलाइन-डेव्ह, टीके-डेव्ह. पायथनसाठी एवढी आधीच आणली असती तर माझे चार तास वाचले असते.

आणि मेकने मला सांगितलं नव्हतं असंही नाही. शेवटी तो स्पष्ट छापतो, की या या मॉड्यूलसाठी लागणारं सामान सापडलं नाही. पायथन या मॉड्यूल्सना ऐच्छिक समजतं, म्हणून ती नसली तरी मेक एरर देऊन थांबत नाही. मी ती यादी दर वेळी बघून न बघितल्यासारखी केली. नवीन डेव्ह पॅकेज आणल्यावर नुसता मेक पुरत नाही, कॉन्फिगरपासून परत करावं लागतं, कारण चाचपणी तोच करतो.

वेगाबद्दल थोडं. 'मेक डॅश जे ४' म्हटलं की चार फाईल्स एकाच वेळी कम्पाईल होतात. आपल्याकडे किती कोअर आहेत ते 'एनप्रॉक' सांगतो. आकडा न देता नुसतं डॅश जे देऊ नका, मर्यादाच राहत नाही. सी प्लस प्लसचं मोठं सॉफ्टवेअर असेल तर चार जीबी रॅमचं मशीन गुदमरतं. आणि पहिल्या प्रयत्नात 'एनेबल-ऑप्टिमायझेशन्स' लावू नका. त्यात पायथन एकदा बनतो, स्वतःच्या चाचण्या चालवतो आणि पुन्हा बनतो. चहा पिऊन याल तरी संपलेलं नसेल.

आता मुख्य पराक्रम. आमच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये पहिल्या ओळीत 'यूएसआर, बिन, पायथन३' हा पत्ता होता. ती ओळ बदलायची सोडून मी सुडोने तिथली लिंकच नव्या ३.१२ कडे वळवली. आमचा ग्राफ आला! मी टर्मिनल बंद केलं. पुन्हा उघडायला गेले तर उघडेना. क्लिक केलं, गोल फिरलं, गेलं.

तेवढ्यात फायनल इयरची ताई तिचं सिम्युलेशन बघायला आली.

"ताई, टर्मिनल उघडत नाहीये."

"तू काय केलंस ते आधी सांग."

सांगितलं. ती ओरडली नाही, हे जास्त वाईट होतं. खुर्ची ओढून बसली. उबुंटू २२.०४ चं टर्मिनल सुरू करणारी फाईल हीच मुळी पायथन स्क्रिप्ट आहे, तिला ३.१० साठी बनवलेली मॉड्यूल्स लागतात. ती ३.१२ ला वापरता येत नाहीत. उबुंटूची बरीच आतली कामं अशीच त्या एका लिंकवर चालतात. तिने कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबलं, काळा स्क्रीन आला, लॉगिन केलं, 'सुडो एलएन डॅश एसएफ' ने लिंक परत ३.१० कडे वळवली. दोन मिनिटं. आमची इन-टाइमची घाई, लॅबचे काका किल्ली घेऊन दारात उभे, आणि माझ्या डोळ्यांत पाणी.

रविवारी तिने सांगितलं तसं केलं. कॉन्फिगरला दोन डॅश देऊन प्रीफिक्स, बरोबरचं चिन्ह आणि आपल्या होममधल्या एका फोल्डरचा पूर्ण पत्ता. मग मेक इन्स्टॉलला सुडो लागतच नाही, सगळं त्या फोल्डरमध्ये जातं आणि नको झालं तर फोल्डर उडवायचं. पायथनच्या मेकफाईलमध्ये अनइन्स्टॉल नाही, त्यामुळे शनिवारी यूएसआर-लोकलमध्ये सांडलेल्या फाईल्स मला हाताने वेचाव्या लागल्या. सगळ्यांसाठीच टाकायचं असेल तर निदान 'मेक ऑल्टइन्स्टॉल' म्हणा. तो पायथन३ हे नाव घेत नाही, फक्त पायथन३.१२ ठेवतो. आमच्या प्रोजेक्टसाठी नव्या पायथनने एक व्हेन्व्ह बनवला आणि स्क्रिप्टची पहिली ओळ बदलली. एक ओळ!

सोमवारी ताईचा रिव्ह्यू नीट झाला, मी बाहेर उभी राहून खात्री केली. आमच्या डेमोला ग्राफ आला. एक्स्टर्नल सरांनी कम्पाईलबद्दल एक अक्षर विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "बादलीचं वजन वजा केलंय का?"

केलं नव्हतं.